बावन्न दिवसांची धुरी

प्रेमलता फणसे हिने चाळीस वर्षं लोकांची बाळं न्हाऊ घातली. राजेंद्र नगरातल्या मराठी घरांत मूल झालं की दवाखान्यातून पहिला फोन आजोळी जायचा आणि दुसरा तिला. फणशांचे पूर्वज इथल्याच होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते, असं सासरे सांगत. तिच्या नवऱ्यापर्यंत त्यातला घोडाही उरला नव्हता आणि तलवारही. तो सियागंजात किराण्याच्या पेढीवर पोती वाहायचा आणि पन्नाशीच्या आत गेला. मुलगा पुष्कर तिथेच लोडिंग रिक्षा चालवतो. घर उभं राहिलं ते प्रेमलताच्या हातांवर आणि बाळं पायांवर घेऊन घेऊन दुखावलेल्या गुडघ्यांवर.

कामाची रीत तिला सासूने घालून दिली होती. पाटावर पाय पसरून बसायचं, बाळ पायांवर उताणं घ्यायचं. तेल कोमट. ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, बोटांना नाही; काम करून करून बोटं निबर होतात, त्यांचं ऐकू नये. छातीवर एकवीस हात, पाठीवर एकवीस, पायांना अकरा-अकरा. बाळाची आई घाई करू लागली तरी एक हात कमी नाही. मग डाळीचं पीठ, मग पाणी, मग धुरी.

धुरीसाठी ती आपली लोखंडी शेगडी बरोबर न्यायची. कंड्याचा, म्हणजे शेणाच्या गोवरीचा, निखारा फुलवून त्यावर ओवा, वावडिंग, वेखंडाचा तुकडा, लसणाची सालं आणि चिमूटभर ऊद. दार बंद, खिडकी बंद, कारण न्हालेल्या बाळाला वारं लागता कामा नये. बाळ दुपट्यात धरून आधी पाय, मग पाठ, मग छाती शेगडीवरून फिरवायची आणि मनात शंभर मोजायचे. बाळ खोकलं की सासू म्हणायची, छाती मोकळी होतेय. पुढे प्रेमलताही तेच म्हणू लागली. जे बाळ खोकायचं नाही, त्याला ती आणखी पन्नास मोजायची.

सव्वा महिना रोज. पाऊस असो, सण असो, स्वतःच्या अंगात ताप असो. हात राखून काम करणाऱ्या बायका राजेंद्र नगरात आल्या आणि गेल्या. प्रेमलता टिकली.

चार वर्षांपूर्वी गुडघे पुरते गेले. पाटावर बसलं तर उठता येईना. मग सून सुनीता हिने काम हाती घेतलं. सुनीताचा हात चांगला आहे, पण धुरी देताना ती खिडकी चार बोटं उघडी ठेवते, कारण तिचे डोळे चुरचुरतात. प्रेमलताला ते पाट्या टाकल्यासारखं वाटायचं. एकदा तिने विचारलं, धुरी बाळाला द्यायची की रस्त्याला? सुनीता म्हणाली, "आई, डोळे माझे जातात, तुमचे नाही." त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कॉलनीत मुलांच्या फुफ्फुसांची तपासणी सुरू झाली. शहरातल्या एका संस्थेचं संशोधन होतं. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांची फुफ्फुसं वयाच्या मानाने किती वाढलीत, कुठल्या वस्तीत कमी भरतात आणि का, हे त्यांना शोधायचं होतं. गणपती मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी टेबल मांडलं जायचं. शलाका नावाची मुलगी अन्नपूर्णा भागातून स्कूटीवर मशीन घेऊन यायची. मशीन म्हणजे मुठीत मावेल एवढी डबी, तिला पुठ्ठ्याची नळी, आणि वायरने जोडलेला लॅपटॉप. मुलाच्या नाकाला चिमटा लावायचा. त्याने छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि एका दमात सगळी हवा बाहेर सोडायची. संपली असं वाटलं तरी आणखी सोडायची. अशा तीन चांगल्या फुंका लागत. आठ प्रयत्नांत जमल्या नाहीत तर मुलाला त्या दिवशी सोडून द्यायचं, असा नियम होता.

पहिल्या रविवारी अकरा मुलं आली आणि चौघांच्याच फुंका जमल्या. मुलं हसत, नळी चावत, वाढदिवसाची मेणबत्ती विझवल्यासारखी फू करून मोकळी होत. शलाका घामाघूम झाली. शेवटी शालिनी म्हणाली, प्रेमलतामावशींना बोलवा, पोरं त्यांचं ऐकतात. शालिनी शाळेत गणित शिकवते आणि मंडळाची हळदीकुंकवाची कामं बघते. तिची मुलगी तन्वी पहिल्या यादीतच होती.

पुढच्या रविवारपासून प्रेमलता मशीनशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागली. तिने पहिला तास काहीच केलं नाही, फक्त बघितलं. मग मुकुल नावाचा आठ वर्षांचा मुलगा बसला आणि गाल फुगवून फुस्स करून मोकळा झाला.

"हे काय?" प्रेमलता म्हणाली. "तू जन्मलास तेव्हा तुझ्या रडण्याने समोरची सगळी लाइन उठायची. ती हवा कुठे गेली?"

"आजी, मी तर पूर्ण जोर लावला ना."

"गालांचा लावलास. गाल कशाला? पोट आत ओढ."

तिने त्याच्या बरगड्यांखाली हाताची पालथी बाजू टेकवली. मुकुलने दुसऱ्यांदा फुंकलं. लॅपटॉपवरची रेघ ताडकन वर गेली आणि हळूहळू खाली उतरली. शलाका म्हणाली की अशी रेघ तिने ट्रेनिंगच्या पुस्तकातच पाहिली होती.

तेव्हापासून रविवारी काम चालू लागलं. प्रेमलता आकड्यांकडे बघत नसे, तिला ते कळतही नव्हते. ती मुलाच्या गळ्याच्या शिरा बघायची, खांदे बघायची, शेवटच्या हवेचा आवाज ऐकायची. मशीनने फुंक पास केली तरी ती म्हणायची, नाही, याने मागे ठेवली. शलाका पुन्हा फुंकायला लावायची आणि आकडा वर जायचा. शलाका थट्टेने म्हणायची की मावशी असताना हे मशीन मी फालतूच आणते. आलेल्या एकाहत्तर मुलांपैकी बेचाळीस प्रेमलताच्या हातची होती. कोण पायाळू, कुणाची नाळ लवकर पडली, कुणाला दुधाचं जमलं नाही, सगळं तिला पाठ होतं. आया कौतुकाने ऐकत.

तन्वी सात वर्षांची, अंगाने बारीक. ती बसली, चिमटा लावून घेतला, आणि पहिलीच फुंक अशी मारली की तिचा चेहरा लाल झाला आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसरी तशीच. तिसरी तशीच. शलाका स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली की अजून एकदा करून घेऊ या, आकडा बराच कमी येऊन राहिलाय.

"तिने काही मागे ठेवलं नाही," प्रेमलता म्हणाली.

चौथी फुंक झाली. आकडा तोच आला. शलाकाने हळू आवाजात सांगितलं की मुलीच्या उंचीला जेवढा हवा त्याच्या बहात्तर टक्के आहे. घाबरण्यासारखं नाही, पण कमी आहे. शालिनी गणिताची. तिला बहात्तर म्हणजे किती हे समजावून सांगावं लागलं नाही. तिने तन्वीच्या नाकावरचा चिमटा काढला आणि घरी घेऊन गेली.

जानेवारीपर्यंत असे सात-आठजण निघाले. शलाकाला उलगडा होईना. कॉलनी स्वच्छ, घराघरात गॅस, बापांपैकी सिगरेट ओढणारे दोन, तेही घराबाहेर. फॉर्म हिंदीत छापलेला होता. त्यात एक प्रश्न होता की घरात धुआँ होतो का, आणि पुढे यादी होती: चूल, सिगडी, बीडी-सिगरेट, अगरबत्ती, मच्छरची कॉइल. एकाहत्तरपैकी छप्पन्न आयांनी यादीतल्या सगळ्याच गोष्टींपुढे नाही लिहिलं होतं. उरलेल्यांनी अगरबत्तीवर खूण केली होती.

एका रविवारी सुनीता कामावरून परस्पर हॉलमध्ये आली, सासूला घरी न्यायला. शलाका मशीन पुसत होती. तिने मान वर केली.

"कसला वास येतोय? वहिनी, तुम्ही कॉइल लावून आलात का?"

"कॉइल कशाला? धुरी देऊन आले. बाराव्या दिवसाचं बाळ आहे."

"धुरी मतलब?"

सुनीता हसली. म्हणाली, मराठीच ना गं तू? मग तिने सांगितलं. शेगडी, कंडा, ओवा, वावडिंग, बंद खोली. शलाकाच्या हातातलं फडकं थांबलं.

"मग हा धूरच झाला ना."

"धूर कसला?" प्रेमलता म्हणाली. "धुरी ते औषध."

"मावशी, फॉर्ममध्ये तर सगळ्यांनी धूर नाही असं लिहिलंय."

"बरोबरच लिहिलंय. कुणाच्या घरी चूल आहे?"

शलाकाने फडकं ठेवलं. तिने फोन काढला आणि बाहेर जाऊन बराच वेळ बोलत राहिली. घरी जाताना रस्त्यात प्रेमलता मागे मागे पडत होती. सुनीताने दोनदा विचारलं, गुडघा दुखतोय का. ती नाही म्हणाली.

पुढच्या रविवारी डॉक्टर मधुरिमा आल्या. संशोधन त्यांच्या हाताखाली चाललं होतं. वयाने प्रेमलतापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, बोलायला साध्या. त्यांनी प्रेमलतासमोर खुर्ची ओढून घेतली आणि सगळी रीत पहिल्यापासून विचारली. किती कंडे, खोली केवढी, किती वेळ, बाळाचं तोंड धुरापासून किती अंतरावर. प्रेमलताने हाताने अंतर दाखवलं. डॉक्टरांनी टेपने ते मोजलं आणि लिहून घेतलं. चाळीस वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी इतकं नीट विचारलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "प्रेमलताजी, चुलीचा धूर मुलांना वाईट, हे माहीत आहे. पण हा धूर, इतक्या लहान वयात, आणि थोडेच दिवस. सात-आठ वर्षांनी त्याचं काही उरतं का, हे कुणी मोजल्याचं मला माहीत नाही. म्हणून विचारतेय. दोष द्यायला नाही."

त्यांना बेचाळीस मुलांची माहिती हवी होती. धुरी मिळाली का, किती दिवस, दिवसातून किती वेळा, दार बंद की उघडं. आयांना हे आठवत नव्हतं; बाळंतपणातली बाई दिवस कुठे मोजते? नावं बाहेर जाणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. पण प्रत्येक मुलाचा फॉर्म दुरुस्त करावा लागेल, आणि दुरुस्तीवर आईची किंवा वडिलांची सही लागेल, हेही सांगितलं. प्रेमलताने आठवड्याची मुदत मागितली. आठवायला तिला आठवडा लागत नव्हता.

घरी सुनीताने आवाज चढवला नाही. पोळ्या लाटता लाटताच म्हणाली, "आई, तुमचं काम झालं. माझं चालू आहे. या कॉलनीत एका घरी खोकलं की चार घरी कळतं. उद्या सगळे म्हणतील, फणशांच्या बायकांनी पोरांचे फेफडे जाळले. मला कोण बोलावेल?"

प्रेमलता म्हणाली की डॉक्टर दोष देत नाहीत.

"डॉक्टर इथे राहत नाहीत."

मग सुनीताने तोडगा काढला. सांगायचंच असेल तर सांगा, पण सगळ्यांचं सारखं सांगा. चाळीस दिवस, एकदा. नेमच आहे तो, खोटं कुठे आहे? त्यात कुणाचं नाव वेगळं दिसणार नाही.

चाळीस मुलांच्या बाबतीत ते जवळजवळ खरं होतं. कुणाचे दोन-चार दिवस इकडे, कुणाचे तिकडे; एका मुलीची तेवढी मध्येच थांबली होती. बेचाळिसावी तन्वी होती.

तन्वी आषाढात जन्मली, दिवस भरायच्या आधी. वजन पावणेदोन किलो. दवाखान्यात तीन आठवडे ठेवून घरी आणली तेव्हा तिची छाती प्रेमलताच्या तळहाताएवढी होती. शालिनी पलंगावर बसून रडायची आणि म्हणायची, मावशी, हिला जगवा. प्रेमलता तेव्हा साठीच्या घरात होती आणि हाताखालून शेकड्याने मुलं गेली होती. तिने त्या मुलीसाठी जितकं केलं तितकं पुष्करसाठीही केलं नव्हतं. तेल दोन वेळा, धुरी दोन वेळा, सकाळी आणि दिवेलागणीला. पावसाने कंडे ओलसर होते, ते धुमसत आणि खोली भरून जाई. मुलीत खोकायचीही ताकद नव्हती. म्हणून प्रेमलता शंभरऐवजी दीडशे मोजायची. चाळीस दिवस झाले तेव्हा शालिनीने हात धरला, अजून थोडे दिवस द्या मावशी, हिला मानवतंय. आणखी बारा दिवस झाले. बावन्न. बावन्नाव्या दिवशी मुलगी तीन किलो भरली. शालिनीच्या सासूने प्रेमलताला साडी नेसवली आणि वाकून नमस्कार करायला निघाली. प्रेमलताने तिचे हात वरच्या वर धरले.

ती ते आठवत बसली. रडू यावं असं तिला वाटलं, पण आलं नाही. राग येईल असं वाटलं, तोही आला नाही. हात मांडीवर होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग उठून तांदूळ निवडायला लागली. त्या आठवड्यात ती जेवली, झोपली, शेजारणीशी बोलली. पुष्करने विचारलं, आई, तब्येत बरी ना? ती हो म्हणाली. बावन्नचा आकडा मात्र डोक्यातून हलला नाही. चाळीस म्हटलं तर शालिनीला काही कळणार नव्हतं. शालिनीला दिवस आठवत नव्हते. तिला फक्त मुलगी वाचली हे आठवत होतं.

एक दिवसही हातचा न राखता तिने ते काम केलं होतं. आता सांगताना बारा दिवस राखायचे, आणि दिवेलागणीची धुरी गाळायची, याचा तिने सगळ्या बाजूंनी विचार केला. सुनीताचं म्हणणं खोटं नव्हतं. सुनीताच्या हातावर आता घर होतं. आणि येत्या रविवारी ती खुर्चीवर बसून मुलांना सांगणार होती, मागे ठेवू नकोस, पूर्ण सोड.

रविवारी ती हॉलमध्ये लवकर गेली. शलाकाने लॅपटॉप उघडला, डॉक्टर शेजारी बसल्या. प्रेमलताने घराच्या रांगेने नावं सांगितली. मुकुल, एकोणचाळीस दिवस, एकदा; चाळिसाव्या दिवशी मी मयताला गेले होते. अभिराम, चाळीस, एकदा. सुरभी, बाविसावर थांबवली; तिच्या आजोबांना दमा होता, त्यांनी पुढे शेगडी घरात येऊ दिली नाही. शलाका टाइप करत गेली. निखिल, चाळीस. तन्वीचं घर आलं तेव्हा तिचा आवाज बदलला नाही.

"तन्वी. बावन्न दिवस. दोन वेळा. दीडशे अंक. कंडे ओले होते. दार-खिडकी बंद."

शलाकाची बोटं कळांवर थांबली. तिने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाल्या, लिही.

सगळी नावं झाल्यावर प्रेमलताने विचारलं, "तिचा आकडा माझ्यामुळे कमी आहे का?"

डॉक्टरांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. "सांगता येत नाही. ती वजनाने कमी जन्मली, दिवस भरायच्या आधी आली. नुसत्या त्यानेही फुफ्फुसं लहान राहतात. धुरीने भर पडली असेल, नसेलही. दोन वर्षांनी सगळ्या मुलांचं मिळून काही म्हणता येईल."

"आणि तिचं?"

"तिचं एकटीचं कधीच नाही."

प्रेमलताने मान हलवली. ती खुर्ची उचलून मशीनशेजारी ठेवायला गेली. त्या दिवशी नऊ मुलं होती. तिने नऊही मुलांच्या तीन-तीन फुंका करून घेतल्या.

सह्या महिनाभर चालल्या. शलाका दुरुस्त केलेले कागद घेऊन घरोघर गेली. बहुतेकांनी वाचलं, हसून म्हणाले, अरे हो, धुरी दिली होती की, आणि सही केली. एकाने म्हटलं की आमच्या सात पिढ्या धुरीत वाढल्या, तुमचं मशीन काय सांगणार? त्यानेही सही केली. सुनीता म्हणत होती तसा बोभाटा झाला नाही. दोन घरांनी तिला सांगितलं की मालीश-आंघोळ कर, शेगडी आणू नकोस. एका घराने बोलावणंच बंद केलं. उरलेली तीन घरं चालू राहिली. आता सुनीता शेगडी नेते तेव्हा खिडकी पूर्ण उघडते, आणि प्रेमलता त्याबद्दल विचारत नाही.

शालिनीचा कागद घेऊन शलाका गेली तेव्हा प्रेमलताही बरोबर गेली. जायची गरज नव्हती. शलाकाने तसं सांगितलंही. शालिनीने कागद उभ्या उभ्या वाचला. बावन्नच्या आकड्यावर बोट ठेवलं, मग दोनवर. तोंडाने ती गुणाकार करत असावी, कारण ओठ हलले.

"शेवटचे बारा मी मागितले होते ना?" तिने विचारलं.

"हो," प्रेमलता म्हणाली.

"तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?"

प्रेमलताकडे उत्तर होतं. मला वाटलं मानवतंय, हे उत्तर होतं. ते तिने दिलं नाही. शालिनीने पेन मागितलं, सही केली, कागद परत दिला आणि आत गेली. त्या घरात प्रेमलता आली की चहा ठेवला जायचा. त्या दिवशी दोघी तशाच पायऱ्या उतरल्या. खाली आल्यावर शलाका म्हणाली की मावशी, तुम्ही यायला नको होतं. प्रेमलता म्हणाली, माझं काम होतं.

सहा महिन्यांनी दुसरी तपासणी ठरली. त्याच मुलांना पुन्हा फुंकायचं होतं, वाढ बघायला. शालिनीने शलाकाला फोन करून सांगितलं की तन्वीला आणीन, पण मावशी आत नकोत. शलाकाने हे सांगताना खूप आढेवेढे घेतले. प्रेमलता म्हणाली, ठीक आहे, आणि तन्वीची वेळ आली तशी बाहेर जाऊन पायरीवर बसली. शेजारी चपलांचा ढीग आणि पाण्याच्या बाटल्या होत्या.

आतलं सगळं ऐकू येत होतं. शलाका म्हणत होती, जोर, जोर, और थोडा. पहिली फुंक अर्ध्यात तुटली. दुसऱ्या फुंकेत हवा कडेने सुटत होती, फरफर आवाज येत होता. तिसरी, चौथी, पाचवी. मुलगी थकत चालली होती. सहाव्या फुंकेला खोकला आला. शालिनी तन्वीची बाटली घ्यायला बाहेर आली आणि पायरीवर प्रेमलता दिसली तशी थांबली. सहा महिन्यांत दोघी समोरासमोर आल्या नव्हत्या.

प्रेमलता बसल्या जागेवरून म्हणाली, "ओठ सुटतायत तिचे. आवाजावरून कळतंय. नळी दातांच्या आत घ्यायला सांग, आणि पाय जमिनीला टेकव. खुर्ची उंच आहे."

शालिनीने बाटली उचलली. मग आत गेली. पायांखाली काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, बहुतेक गणपतीचा पाट असावा.

सातवी फुंक सुरू झाली. सरळ, लांब, कडेने काही सुटत नव्हतं. प्रेमलता मनात मोजू लागली. हवा शेवटाला पातळ होत गेली आणि थांबली. आठवीही तशीच झाली. त्यानंतर नियमाप्रमाणे थांबायचं होतं. तीनऐवजी दोन चांगल्या मिळाल्या होत्या. शलाका आत म्हणत होती की दोनही चालतात, दर्जा थोडा खाली धरतात एवढंच.

आकडा किती आला ते शलाकाने मोठ्याने सांगितलं नाही. शालिनीने विचारलं असेल, तर हळू विचारलं. तन्वी बाहेर आली, चपला शोधल्या. प्रेमलताकडे बघून हसावं की नाही हे तिला कळेना. ती आईकडे बघत राहिली. शालिनीने तिचा हात धरला आणि दोघी फाटकाकडे गेल्या.

आतून शलाकाने हाक मारली, मावशी, पुढचं मूल आलंय. प्रेमलताने कठड्याला धरून गुडघा सरळ केला आणि आत जाऊन खुर्चीवर बसली.